मालक अकरा हजार किलोमीटरांवर

ऑक्टोबर 2024 च्या पहिल्या आठवड्यात सिंगापूरच्या चांगी विमानतळावर एका स्पॅनिश जोडप्याला थांबवण्यात आलं. लग्न नुकतंच झालेलं, दोघं मधुचंद्राच्या प्रवासावर. सिंगापुरातल्या मुक्कामात त्यांनी एक काम उरकून घेतलं होतं. पीटर लिम या उद्योगपतीच्या निवासस्थानाच्या दाराशी त्यांनी 'लिम गो होम' असे स्टिकर चिकटवले, त्याच शब्दांचा फलक हातात धरून शहरात फोटो काढले आणि ते सगळं समाजमाध्यमांवर टाकलं. पोलिसांनी पासपोर्ट ठेवून घेतले, चौकशी सुरू झाली, स्पेनच्या वकिलातीची धावपळ झाली. काही दिवसांनी दोघांना मायदेशी जाता आलं.

आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ही बातमी आली असेल तर 'विचित्र बातम्या' छाप कोपऱ्यात आली असेल. मला ती विचित्र वाटली नाही. नव्या संसाराच्या पहिल्या प्रवासात कुणी जगाच्या दुसऱ्या टोकाला एका अनोळखी माणसाच्या दारावर कागद चिकटवायला जातं, तेव्हा त्यामागे फार जुनी आणि फार खरी जखम असते. ती जखम स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहराची आहे आणि तिचं सगळ्यात खोल टोक 11 सप्टेंबर 2019 या तारखेला लागलेलं आहे. त्या बुधवारी व्हॅलेन्सिया फुटबॉल क्लबनं मार्सेलिनो गार्सिया तोराल या प्रशिक्षकाच्या हाती नारळ दिला. साडेतीन महिन्यांपूर्वी त्यानंच क्लबला चषक जिंकून दिला होता. काढण्याचा निर्णय सिंगापुरातून, क्लबचे मालक असलेल्या लिम यांच्याकडून आला होता.

हा चषक साधा नव्हता. व्हॅलेन्सिया क्लबची स्थापना 18 मार्च 1919 ची. 2019 हे शताब्दीचं वर्ष. मार्सेलिनो मे 2017 मध्ये आले, त्याआधीचे दोन्ही हंगाम क्लब बाराव्या स्थानावर रखडला होता. त्यांच्या पहिल्याच हंगामात संघ 73 गुण मिळवून चौथा आला, म्हणजे थेट चॅम्पियन्स लीगमध्ये. दुसऱ्या हंगामाची सुरुवात मात्र भलतीच वाईट झाली. सामन्यामागून सामने बरोबरीत सुटायला लागले, हंगामाअखेर लीगमधल्या बरोबऱ्यांची संख्या सोळावर गेली. जानेवारी 2019 मध्ये 'मार्सेलिनोला काढा' असं म्हणणारे मेस्ताया मैदानातसुद्धा होते. क्लबचे सरव्यवस्थापक मातेउ अलेमानी यांनी त्या वेळी प्रशिक्षकाची साथ सोडली नाही. मग 29 जानेवारीला कोपा देल रे स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत हेताफेविरुद्ध रॉद्रिगोनं तीन गोल केले, त्यातले शेवटचे दोन भरपाईच्या वेळेत, एका मिनिटाच्या अंतरानं. मेस्तायातली माणसं तो सामना आजही तपशिलानं सांगतात. तिथून संघ सावरला. युरोपा लीगची उपांत्य फेरी गाठली, लीगमध्ये पुन्हा चौथा आला आणि 25 मे रोजी सेव्हिलमध्ये मेस्सीच्या बार्सिलोनाला 2-1 असं हरवून कोपा देल रे जिंकला. गामेइरो आणि रॉद्रिगोचे गोल. शंभराव्या वर्षी चषक. अकरा वर्षांत पहिलाच.

नवा हंगाम सुरू होऊन तीन सामने झाले होते: एक बरोबरी, एक हार, एक विजय. त्यानंतर क्लबनं चार ओळींचं निवेदन काढून मार्सेलिनोंना मोकळं केलं आणि आल्बेर्त सेलादेस यांना आणलं. सेलादेस यांनी तोवर कुठल्याही क्लबच्या मुख्य संघाचं प्रशिक्षकपद स्वतंत्रपणे सांभाळलेलं नव्हतं.

कारण खेळाचं नव्हतं. त्या उन्हाळ्यात कोणता खेळाडू विकायचा, कोणता घ्यायचा यावरून ठिणग्या उडाल्या होत्या. रॉद्रिगोला अ‍ॅटलेटिको माद्रिदला विकायचा घाट जवळपास पूर्ण झाला होता. तो अखेर फिसकटला, पण मार्सेलिनो आणि अलेमानी यांची नाराजी उघड झाली होती. आजवर जे दोघं मिळून ठरवत होते, ते आता मालक ठरवणार हे स्पष्ट झालं. हकालपट्टीनंतर घेतलेल्या पत्रकार परिषदेत मार्सेलिनोंनी जे सांगितलं त्यानं शहर हादरलं. कोपा देल रे ही स्पर्धा क्लबच्या प्राधान्यक्रमात नाही, असे संकेत आपल्याला हंगामभर मिळत होते. आपण ती जिंकली आणि तेच आपल्या जाण्याचं निमित्त ठरलं, असं ते म्हणाले. मालकाच्या हिशेबात चॅम्पियन्स लीगचा पैसा मोठा, चषक दुय्यम. चाहत्याच्या हिशेबात आजोबांनी पाहिलेला, वडिलांनी पाहिलेला आणि आता आपण पाहिलेला चषक हाच क्लब असण्याचा पुरावा. दोघांच्या वह्या एकमेकांशी जुळणाऱ्याच नव्हत्या, हे त्या दिवशी सगळ्यांना एकदम कळलं.

सगळ्यात आधी बोलले ते खेळाडू. बचावपटू एझेकिएल गाराय यानं हा अन्याय आहे असं उघडपणे लिहिलं. तीन दिवसांनी संघ बार्सिलोनात 5-2 असा हरला. पुढच्या मंगळवारी लंडनमध्ये चेल्सीविरुद्ध चॅम्पियन्स लीगचा सामना होता. आदल्या दिवशीच्या पत्रकार परिषदेला एकही खेळाडू गेला नाही, सेलादेस एकटे बसले. आणि तोच संघ दुसऱ्या दिवशी रॉद्रिगोच्या गोलवर 1-0 जिंकला. विकला जाता जाता राहिलेल्या त्याच रॉद्रिगोच्या गोलवर. मेस्तायावर मात्र आनंदाच्या जागी घोषणा सुरू झाल्या होत्या. लिम तिथे नव्हतेच, त्यामुळे सगळा राग अध्यक्षांच्या खुर्चीवर बसलेल्या अनिल मूर्ती यांच्या वाट्याला आला. मूर्तीही सिंगापूरचे, तिथल्या परराष्ट्र सेवेत काम केलेले. नोव्हेंबरपर्यंत अलेमानीही गेले. ज्या जोडीनं क्लब वर काढला होता ती जोडी सहा महिन्यांत नाहीशी झाली.

चाहत्यांना चषक जिंकणारा प्रशिक्षक गमावल्याचं दुःख झालं, असं म्हणून ही गोष्ट संपवता येत नाही. याच क्लबच्या इतिहासात अकराच वर्षांमागे त्याचं उत्तर आहे. 16 एप्रिल 2008 रोजी रोनाल्ड कूमन यांच्या व्हॅलेन्सियानं हेताफेला 3-1 हरवून हाच कोपा देल रे जिंकला. पाचच दिवसांनी क्लबनं कूमनना काढलं. कुणी रस्त्यावर उतरलं नाही, उलट लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. कूमन यांनी कान्यिसारेस, आल्बेल्दा, अंगुलो या मेस्तायाच्या लाडक्या खेळाडूंना बाजूला सारलं होतं, आणि संघ लीगमध्ये खालच्या विभागात घसरण्याच्या काठावर उभा होता. चषक हातात असूनही तो माणूस आपला नाही, हे लोकांनी ठरवून टाकलं होतं. मार्सेलिनोंच्या बाबतीत लोकांनी नेमकं उलट ठरवलं होतं: त्या वाईट जानेवारीत त्यांना शिव्या घातल्या, मग माफ केलं, मग डोक्यावर घेतलं. प्रशिक्षकाशी रागाचं आणि लोभाचं असं पूर्ण वर्तुळ फिरून झालं की तो आपला होतो. तो कधी जाणार हे ठरवण्यात आपलाही काही वाटा आहे असं माणसाला वाटायला लागतं. 11 सप्टेंबरला तो वाटा शून्य असल्याचं व्हॅलेन्सियाला कळलं. पुढची पाच-सहा वर्षं जे चाललं ते त्या शून्याशी भांडण होतं, असं माझं मत आहे.

आता पीटर लिम यांच्याबद्दल, कारण त्यांना खलनायक करून टाकणं सोपं आहे आणि त्यानं काहीच समजत नाही. लिम हे सिंगापुरातल्या मासेविक्रेत्याचे चिरंजीव. लहानशा घरात वाढले, रॅफल्स इन्स्टिट्यूशनमध्ये शिकले, ऑस्ट्रेलियात विद्यापीठात असताना टॅक्सी चालवली, हॉटेलांत काम केलं. मग शेअरबाजारात दलाल म्हणून असं नाव काढलं की लोक त्यांना दलालांचा राजा म्हणू लागले. 'विल्मार' या पामतेल कंपनीत नव्वदच्या दशकात घातलेल्या सुमारे 1 कोटी डॉलरचे 2010 मध्ये दीड अब्ज अमेरिकी डॉलर झाले. त्याच वर्षी त्यांनी लिव्हरपूल विकत घ्यायचा प्रयत्न केला, तो फसला. सिंगापूरच्या दृष्टीनं ही अभिमानाचीच कहाणी आहे, आणि इथल्या लोकांना तो अभिमान असणं मला गैर वाटत नाही.

2014 मध्ये व्हॅलेन्सिया क्लब बँकेच्या कर्जात बुडालेला होता. नव्या मैदानाचं, नोऊ मेस्तायाचं, 2007 मध्ये सुरू झालेलं बांधकाम 2009 मध्ये थांबलं होतं. काँक्रीटचा उघडा सांगाडा शहरात उभा होता. क्लबच्या फाउंडेशननं मे 2014 मध्ये एकमतानं लिम यांची निवड केली आणि ऑक्टोबरमध्ये 9.4 कोटी युरोंना 70.4 टक्के समभागांचा व्यवहार पुरा झाला. त्या दिवसांत मेस्तायाबाहेर लोक लिम यांच्या नावानं नाचत होते. पुढे जे 'घरी जा' म्हणाले, त्यांच्यापैकी अनेकांनी तेव्हा 'या' म्हटलं होतं. पहिल्या हंगामात नूनो एस्पिरितो सांतो यांनी चौथं स्थान मिळवून दिलं. मग नोव्हेंबर 2015 मध्ये नूनो गेले आणि त्यांच्या जागी लिम यांचे स्नेही, कधीही कुठल्या संघाचे मुख्य प्रशिक्षक नसलेले गॅरी नेव्हिल आले. बार्सिलोनाकडून चषक स्पर्धेत 7-0 अशी हार झाली, मार्च 2016 मध्ये तेही गेले. मग आयेस्तारान, मग प्रांदेल्ली. मार्सेलिनो आले तेव्हा खुर्ची अशी गरम होती. ते दोन वर्षं टिकले हाच त्या अस्थिर काळातला अपवाद होता.

प्रशिक्षक आणि वरच्या मंडळींचं खरेदीवरून भांडण ही व्हॅलेन्सियात नवी गोष्ट नाही. राफा बेनितेझ यांनी 2002 आणि 2004 मध्ये लीग जिंकून दिली, 2004 ला युएफा चषकही. आपण सोफा मागितला आणि यांनी दिवा आणून दिला, असं त्यांनी क्लबच्या खरेदीबद्दल म्हटलं होतं आणि ते लिव्हरपूलला निघून गेले. पण तेव्हा भांडणारे सगळे एका शहरात होते. क्लबच्या कचेरीसमोर उभं राहून ओरडलं तर आत बसलेल्याला ऐकू जायचं. सिंगापूर ते व्हॅलेन्सिया अंतर सुमारे अकरा हजार किलोमीटर आहे. लिम वर्षानुवर्षं मेस्तायाकडे फिरकलेले नाहीत.

त्यामुळे निषेधाला रोज नवा पत्ता शोधावा लागला. क्लबचं स्थापनावर्ष 1919, म्हणून एकोणिसाव्या मिनिटाची वेळ साधून निदर्शनं झाली. मे 2022 मध्ये सेल्ता व्हिगोविरुद्धच्या घरच्या सामन्यात हजारो लोक तिकीट असून आत गेलेच नाहीत. मैदानाबाहेर उभे राहिले, आत खुर्च्या रिकाम्या. ज्याचं आयुष्य दर पंधरवड्याला त्या पायऱ्या चढण्यात गेलं, त्यानं स्वतःहून बाहेर थांबणं म्हणजे काय, हे आषाढी चुकवणाऱ्या वारकऱ्याला विचारावं. काळ्या अक्षरांचे पिवळे 'लिम गो होम' फलक मेस्तायातून शहरभर गेले, दुसऱ्या गावांच्या मैदानांवर, सायकल शर्यतींच्या रस्त्यांवर आणि अखेर सिंगापुरात.

2020 मध्ये लिम यांच्या मुलीनं इन्स्टाग्रामवर लिहिलं की, व्हॅलेन्सियाचे काही चाहते आपल्याला आणि आपल्या कुटुंबाला शिव्याशाप देतात. क्लब आमचा आहे, आम्ही त्याचं वाटेल ते करू शकतो आणि कुणी काही बोलू शकत नाही, हे त्यांना कसं कळत नाही, अशा आशयाचं. शिवीगाळ कुठल्याही मुलीला सहन करावी लागू नये, हे आधी म्हणायला हवं. आणि कायद्यानं तिचं म्हणणं बरोबर होतं, हेही. पण ज्या वाक्यानं व्हॅलेन्सिया सगळ्यात जास्त दुखावलं ते हेच, कारण ते खरं होतं. भांडवलवाढीनंतर लिम यांचा वाटा पुढे ऐंशी टक्क्यांच्या वर गेला.

सिंगापूरकर हे सगळं कसं पाहतो? खरं सांगायचं तर फारसं पाहत नाही. इथलं फुटबॉलप्रेम इंग्लंडच्या वेळापत्रकावर चालतं. शनिवारी रात्री दहाला किंवा हिवाळ्यात अकराला कोपीटियाम नावाच्या कॉफीगृहांमधले पडदे सुरू होतात, चॅम्पियन्स लीगसाठी पहाटे तीन-चारचा गजर लावला जातो. इथल्या मराठी घरांतली मुलंसुद्धा याला अपवाद नाहीत. गणपतीच्या आरतीला लिव्हरपूलचा किंवा आर्सेनलचा शर्ट घालून उभा राहिलेला मुलगा मंडळाच्या कार्यक्रमात हमखास दिसतो. डिसेंबर 2018 मध्ये मँचेस्टर युनायटेडनं मोरिन्योंना काढलं तेव्हा इथल्या कचेऱ्यांत दिवसभर तोच विषय होता. पण त्या बोलण्यात एक गोष्ट नव्हती: आपल्याला कुणी विचारावं ही अपेक्षा. सिंगापूरच्या चाहत्यानं ती फार पूर्वी सोडून दिली आहे, आणि त्यालाही इतिहास आहे.

एके काळी या शहराचं स्वतःचं फुटबॉल होतं आणि त्याचा आवाज होता. 1973 मध्ये कलांगला राष्ट्रीय स्टेडियम उघडलं आणि मलेशिया चषकाच्या सामन्यांना पन्नास-पन्नास हजार लोक यायला लागले. त्या गर्जनेला 'कलांग रोअर' म्हणत. 28 मे 1977 रोजी क्वालालंपूरमध्ये सिंगापूरनं पेनांगला 3-2 हरवून बारा वर्षांनी मलेशिया चषक जिंकला. प्रशिक्षक होते चू सेंग क्वी, सगळ्यांचे 'अंकल चू'. हा माणूस शिस्तीला कडक, बोलायला फटकळ, आणि संघटनेशी त्याचं कधी पटलं नाही. त्याला एकाहून अधिक वेळा घेतलं गेलं, एकाहून अधिक वेळा दूर केलं गेलं. लोकांच्या मनातली त्याची जागा मात्र एकाही समितीला हलवता आली नाही. 1994 मध्ये डग्लस मूर यांच्या संघानं, फांदी अहमद आणि अब्बास साद यांच्या जोरावर, मलेशियाची लीग आणि चषक दोन्ही जिंकले. अंतिम सामन्यात पहांगवर 4-0. आणि लगेच, फेब्रुवारी 1995 मध्ये, सामनानिश्चितीच्या प्रकरणांच्या आणि तिकीटविक्रीच्या पैशांच्या वादात सिंगापूरच्या संघटनेनं मलेशियाच्या स्पर्धांतून माघार घेतली. प्रशिक्षक नव्हे, स्पर्धाच काढून घेतली गेली. ज्यांना त्या डिसेंबरात रस्त्यांवर नाचताना घसा बसला होता, त्यांना कुणी विचारलं नाही. 1996 ला देशाची स्वतःची लीग सुरू झाली, पण गर्दी परत आली नाही. लोकांची रात्र इंग्लंडकडे वळली ती तेव्हापासून घट्ट वळली.

नंतर राडोय्को अव्रामोविच हा सर्बियन प्रशिक्षक 2003 ते 2012 इतका काळ टिकला. आग्नेय आशियाचं विजेतेपद त्यानं तीनदा मिळवून दिलं. मधल्या काळात विश्वचषक पात्रतेच्या फेरीत सहाच्या सहा सामने हरले, त्यात इराककडून 7-1, आणि त्याला काढा अशी ओरड झाली. त्यानं डिसेंबर 2012 मध्ये थायलंडला हरवून तिसरं विजेतेपद घेतलं आणि स्वतःच निरोप घेतला. काढला जाण्याआधी, जिंकून, स्वतःच्या पायांनी बाहेर पडणारा प्रशिक्षक फार क्वचित दिसतो. सिंगापूरच्या फुटबॉल संघटनेची पहिली निवडणूक झाली 2017 मध्ये. त्याआधी कित्येक दशकं नेमणुका सरकारकडून व्हायच्या. निवडणुकीतही मत क्लबांना आहे, स्टँडमधल्या माणसाला नाही.

त्या स्पॅनिश जोडप्याच्या कृतीकडे इथून बघताना आणखी एक गोष्ट लक्षात येते. सिंगापुरात सभा-निदर्शनांना परवाना लागतो. हाँग लिम पार्कमध्ये 2000 साली 'स्पीकर्स कॉर्नर' सुरू झाला, पण परदेशी माणसाला परवान्याशिवाय तिथेही निदर्शन भरवता येत नाही, त्यात सामील होता येत नाही. इथे नोकरीच्या परवान्यावर राहणारं प्रत्येक मराठी कुटुंब हे जाणून असतं. म्हणजे ज्या शहरात व्हॅलेन्सियाचे निर्णय होतात त्या शहरात व्हॅलेन्सियाच्या चाहत्याला तोंड उघडायला जागा नाही, आणि जिथे तोंड उघडायची मुभा आहे तिथे निर्णय होत नाहीत. सिंगापूरचा कायदा त्याच्या जागी आहे, त्या शहराच्या शांततेत त्याचाही वाटा आहे, आणि पाहुण्यानं तो पाळावा. पण त्या दोघांनी जे केलं ते गुंडगिरी नव्हती. ज्या दारावर त्यांना थाप मारायची होती ते दार त्यांच्या गावात नव्हतं, इतकंच.

दूरचा मालक असला की हे असंच होतं का? नाही. याच प्रदेशातली दोन उदाहरणं शेजारी ठेवली की फरक दिसतो. मलेशियाच्या व्हिन्सेंट टॅन यांनी वेल्समधल्या कार्डिफ सिटीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा निळा शर्ट 2012 मध्ये लाल केला. प्रशिक्षक माल्की मकाय यांनी 2013 मध्ये संघ प्रीमियर लीगमध्ये नेला आणि त्याच वर्षीच्या 27 डिसेंबरला त्यांना काढलं गेलं. लोकांनी मकायच्या नावाचे फलक आणि निळे शर्ट एकत्र उंचावले. दोन्ही एकाच तक्रारीचे पुरावे होते. जानेवारी 2015 मध्ये टॅन यांनी निळा रंग परत दिला. थायलंडच्या विचाई श्रीवद्धनप्रभा यांनी तर त्याहून अवघड गोष्ट केली. क्लाउडिओ रानिएरी यांनी 2016 मध्ये लेस्टर सिटीला इंग्लंडचं विजेतेपद मिळवून दिलं, जे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. नऊ महिन्यांनी, 23 फेब्रुवारी 2017 रोजी, विचाईंच्या क्लबनं त्यांना काढलं. जगभर हळहळ झाली, मोरिन्यो त्यांची आद्याक्षरं छातीवर लावून पत्रकारांसमोर आले. आणि तरी ऑक्टोबर 2018 मध्ये मैदानाबाहेर हेलिकॉप्टर कोसळून विचाई गेले तेव्हा लेस्टरच्या लोकांनी फुलांचा, शर्टांचा, स्कार्फांचा ढीग रचला, मोठी माणसं रडत होती. तो मालकही सात समुद्रांपलीकडचा होता. पण तो सामन्याला यायचा, मैदानाच्या मधोमध उभ्या हेलिकॉप्टरमध्ये बसून जाताना लोक त्याला पाहायचे, गावातल्या रुग्णालयाला त्यानं भरघोस देणगी दिली होती. त्याचा निर्णय लोकांना पटला नाही, पण निर्णय घेणारा माणूस त्यांना माहीत होता. भांडायला समोर कुणीतरी होतं.

आणि आपण मराठी वाचकांनी हे सगळं परक्यांचं म्हणून वाचू नये. पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजनं, म्हणजे व्हेंकीजनं, नोव्हेंबर 2010 मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला. लँकशायरमधलं कापडगिरण्यांचं जुनं गाव, 1995 मध्ये डाल्ग्लिश यांच्या हाताखाली इंग्लंडचं विजेतेपद जिंकलेला क्लब. महिन्याभरात, 13 डिसेंबरला, सॅम अ‍ॅलर्डाइस यांना काढलं. क्लब तेव्हा तेराव्या स्थानावर होता, संकटात नव्हता. अनुभव नसलेले स्टीव्ह कीन आले. ऑक्टोबर 2011 मध्ये ब्लॅकबर्नचा संघ पुण्याला आला, बालेवाडीत पुणे एफसीशी खेळला आणि आपण कौतुकानं पाहिलं. तिकडे क्लबच्या इवूड पार्क मैदानावर मालकांविरुद्ध निदर्शनं सुरू होती. 7 मे 2012 रोजी विगनकडून हरून क्लब प्रीमियर लीगमधून खाली गेला. त्या रात्री कुणीतरी क्लबच्या रंगाच्या झेंड्यात गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली. ते चित्र जगभर गेलं, लोक हसले. पुण्याच्या माणसाला ते हसण्यासारखं वाटू नये, असं मला वाटतं. मालकांनी वर्षानुवर्षं पैसा घातला हे खरं आहे, आणि तो न घालते तर क्लब कुठे असता हाही प्रश्न आहे. पण ब्लॅकबर्नच्या ज्या म्हाताऱ्यानं साठ वर्षं एकाच खुर्चीवर बसून सामने पाहिले, त्याला पुणे कुठे आहे हे नकाशात शोधावं लागलं, आणि शोधूनही तिथे कुणाला पत्र लिहावं हे कळलं नाही.

व्हॅलेन्सियात नंतर काय झालं हे पटकन सांगतो. सेलादेस जून 2020 मध्ये गेले. प्रशिक्षक बोर्दालास यांनी 2022 मध्ये पुन्हा कोपा देल रेचा अंतिम सामना गाठला, बेटिसकडून पेनल्टीवर हरले, आणि तेही गेले. मूर्तींच्या बोलण्याच्या ध्वनिफिती बाहेर फुटल्या आणि मे 2022 मध्ये त्यांना पदावरून दूर व्हावं लागलं. गात्तुसो आले, गेले. 2002 आणि 2004 च्या विजेत्या संघातला रूबेन बाराखा प्रशिक्षक म्हणून आला, त्यानं 2023 मध्ये क्लबला खाली जाण्यापासून वाचवलं. 23 डिसेंबर 2024 रोजी, नाताळच्या दोन दिवस आधी, त्यालाही काढलं. बाराखा तर मेस्तायाचा घरचा माणूस. त्या वेळी मात्र मार्सेलिनोंच्या वेळचा भडका उडाला नाही. रागाला आता सवयीची साय आली होती, आणि बाराखाचा संघ तळाशी होता हेही खरं. मार्च 2025 मध्ये लिम यांचे चिरंजीव किआत लिम अध्यक्ष झाले. त्याच वर्षी सोळा वर्षांच्या खंडानंतर नोऊ मेस्तायाचं काम पुन्हा सुरू झालं.

मार्सेलिनो मधल्या काळात अ‍ॅथलेटिक बिल्बाओला गेले आणि जानेवारी 2021 मध्ये बार्सिलोनाला हरवून सुपर चषक जिंकला. 2023 च्या अखेरीस ते विल्लारेआलला गेले. व्हॅलेन्सियातून मोटारीनं निघालं तर तासाभरात पोचावं इतकं जवळ. 2024-25 च्या हंगामात विल्लारेआल पाचवं आलं, चॅम्पियन्स लीगला पात्र ठरलं. व्हॅलेन्सिया बारावं.

स्पेनमध्ये 1990 च्या क्रीडा कायद्यानं बहुतेक क्लबांना कंपन्या व्हायला लावलं. रेआल माद्रिद, बार्सिलोना, अ‍ॅथलेटिक आणि ओसासुना हे चारच सुटले. तिथे अजून सभासद मत देऊन अध्यक्ष निवडतात. व्हॅलेन्सियाच्या चाहत्यांकडे उरलेत ते मूठभर समभाग, काहींच्या घरी वडिलांच्या नावाचे, काहींकडे एकेकच. दर डिसेंबरला क्लबची वार्षिक सभा भरते. हे छोटे भागधारक ओळीनं ध्वनिक्षेपकापाशी येतात, मैदानाबद्दल विचारतात, खेळाडूंबद्दल विचारतात, कर्जाबद्दल विचारतात, आणि मालक स्वतः का आले नाहीत हेही विचारतात. मग मतदान होतं, ज्याचा निकाल सिंगापूरहून आलेल्या टक्केवारीनं आधीच ठरलेला असतो. पुढच्या डिसेंबरला ते पुन्हा येतात.